वाटसरूचा देशधर्म

‘अरण्य’ या शब्दाच्या मुळाशी ‘अरण’ हा वैदिक शब्द असून त्याचा अर्थ दूरचे, परके असा होतो. म्हणजे झाडांची दाटी हा अरण्याचा मूळ अर्थ नव्हे. गावाच्या शिवेपलीकडे जे आहे आणि जे आपले नाही, ते अरण्य; मग ते सालवृक्षांचे गर्द रान असो की वाळूचा ओसाड पट्टा असो. मराठीतला ‘दुर्गम’ हा शब्दही याच जातीचा आहे. जेथे जाणे कठीण ते दुर्गम. परंतु कोणाला कठीण, हे तो शब्द सांगत नाही. डोंगरातल्या पाड्यावर जन्मलेल्या मुलाला आपला पाडा दुर्गम वाटत नाही, त्याला तालुक्याचे गाव दुर्गम वाटते. अंतर दोन्ही बाजूंनी सारखेच असते. त्याला नाव देण्याचा अधिकार मात्र एकाच बाजूने स्वतःकडे घेतलेला असतो. दूरच्या प्रदेशात जाणाऱ्या माणसाच्या नीतीचा विचार या नाव देण्याच्या अधिकारापासून सुरू करावा लागतो.

रायपूर हे अशा दोन बाजूंच्या मधोमध उभे असलेले शहर आहे. त्याच्या भोवती भातशेतीचे सपाट मैदान पसरले आहे. दक्षिणेला धमतरी, कांकेर, केशकाल, कोंडागाव अशी गावे घेत सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता जगदलपूरला जातो. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग ४३ म्हणत. आता त्याचा क्रमांक ३० आहे. केशकालच्या घाटात बारा वळणे आहेत आणि वाटेत तेलीन सतीचे देऊळ आहे. हा घाट चढून गेले की मैदानातला माणूस बस्तरच्या पठारावर येतो. परंपरा या प्रदेशाला दंडकारण्याचा भाग मानते. रामायणातील स्थळांचा भूगोल निश्चित करण्याचा वाद विद्वानांनी पुष्कळ घातला आहे आणि त्याचा निर्णय येथे करण्याचे कारण नाही. महत्त्वाचे आहे ते हे की, दंडकारण्याच्या उंबरठ्यावर उभे राहून आत जाण्याविषयीचा नैतिक प्रश्न भारतीय वाङ्मयात फार पूर्वी विचारला गेला आहे, आणि तो सीतेने विचारला आहे.

अरण्यकांडाच्या आरंभीचा तो प्रसंग. ऋषींनी राक्षसांच्या उपद्रवापासून रक्षण मागितले आहे, रामाने ते देण्याचे वचन दिले आहे आणि तिघेही दंडकवनात आणखी आत निघाले आहेत. अशा वेळी सीता रामाला थांबवून बोलते. कामनेतून उपजणारे तीन दोष माणसाला लागतात, असे ती म्हणते: असत्य भाषण, परस्त्रीची अभिलाषा आणि वैर नसताना केलेली हिंसा. पहिले दोन तुमच्या ठायी नाहीत. तिसऱ्याचे मात्र मला भय वाटते. मग ती एका तपस्व्याची कथा सांगते. त्याच्या तपात विघ्न आणण्यासाठी इंद्र योद्ध्याच्या वेषाने आला आणि आपले खड्ग त्याच्यापाशी ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव सांभाळली पाहिजे म्हणून तो तपस्वी कंदमुळे आणायला जातानाही खड्ग बरोबर नेऊ लागला. नित्य जवळ असलेल्या त्या शस्त्राने हळूहळू त्याची बुद्धी पालटली, तो क्रूर झाला आणि अखेर नरकात गेला. शस्त्र कोठे आणि वन कोठे, असे सीतेचे म्हणणे आहे. आलो आहोत त्या देशाचा धर्म पाळावा. क्षात्रधर्म अयोध्येला परतल्यावर पुन्हा घेता येईल.

या कथेतला तपस्वी दुष्ट नाही, ही तिची खरी धार आहे. त्याने खड्ग मागितले नव्हते. विश्वासाने दिलेली वस्तू प्रामाणिकपणे सांभाळावी एवढाच त्याचा हेतू होता. तरीही हातातल्या वस्तूने हाताला वळण लावले आणि हाताने मनाला. हेतूच्या शुद्धतेवर विसंबून राहणाऱ्या नीतिविचाराला सीतेने येथे एक अवघड शंका घातली आहे. परक्या प्रदेशात जाताना माणूस काय करायचे ठरवून निघाला आहे एवढेच पाहून भागत नाही. तो बरोबर काय घेऊन निघाला आहे, हेही पाहावे लागते. कारण जे बरोबर असते ते आपल्या उपयोगाची जागा शोधत असते.

दंडकारण्य या नावाची जी कथा उत्तरकांडात येते, ती या शंकेला वेगळ्या बाजूने पुष्टी देते. इक्ष्वाकूचा पुत्र दंड हा विंध्याच्या परिसरातील राजा. त्याने आपल्या पुरोहिताच्या, शुक्राचार्यांच्या, कन्येवर, अरजेवर, बलात्कार केला. ऋषींच्या शापाने इंद्राने त्या राज्यावर सात रात्री धुळीचा वर्षाव केला आणि नांदता देश उजाड झाला. म्हणजे या कथेप्रमाणे दंडकारण्याचे ओसाडपण मूळचे नव्हे. तेथे आधी माणसे होती, वस्ती होती. एका सत्ताधाऱ्याच्या अपराधामुळे तेथे वैराण आले. पुराणकथेला इतिहास मानण्याचे कारण नाही. परंतु एखादा प्रदेश रिकामा दिसला तर तो रिकामा कसा झाला असे विचारावे, एवढी दृष्टी या कथेने दिली आहे. ओसाड भूमी पाहून तिच्या भव्यतेने भारावून जाणाऱ्या प्रवाशाला हा प्रश्न क्वचितच सुचतो.

मराठी वाचकाने हा प्रश्न दुसऱ्यांवर सोपवून मोकळे होऊ नये. छत्तीसगडशी मराठ्यांचा राजकीय संबंध आला तो वाटसरूच्या नात्याने आलेला नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर जाताना रतनपूरवर आले आणि तेथील कलचुरी राज्याला त्यांनी शरण आणले. बंगालकडे जाणाऱ्या सैन्याच्या लेखी हा मुलूख वाटेवरचा होता. पुढे बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार केला; तेथील टेकडीवरचे राममंदिर त्यांच्या काळचे आहे. ज्या दैवताचे देऊळ बांधले, त्याच्याच कथेत सीतेने उपस्थित केलेली शंका आहे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल बसला, ठाणे रतनपुराहून रायपुरास हलले आणि रायपूरचे आजचे महत्त्व तेथून सुरू झाले. तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांतून आजही ऐकू येणारी मराठी ही त्या मोहिमांची दूरची, आता सर्वस्वी निरुपद्रवी झालेली खूण आहे. परंतु वसती निरुपद्रवी झाली म्हणून तिच्या आरंभाचा विसर पडावा असे नाही.

बस्तरमध्ये शस्त्राची जागा पुढे कागदाने घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील सुमारे दोन तृतीयांश जंगल राखीव करण्याचा बेत झाला. वेठबिगार होतीच. ज्या रानात पिढ्यान्‌पिढ्या फिरस्तीची शेती, शिकार आणि कंदमुळे यांवर माणसे जगत होती, ते रान नकाशावर सरकारी झाले. १९१० चा भूमकाल हा उठाव त्यातून झाला. आंब्याची डहाळी आणि लाल मिरच्या गावोगाव फिरवून त्याचा निरोप पोहोचवला गेला. नेथानारच्या गुंडाधूरचे नाव त्या उठावाशी कायमचे जोडले गेले आहे. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, जंगल राखीव करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी अनेकांचा हेतू जंगल वाचवण्याचाच असेल. सीतेच्या कथेतल्या तपस्व्याचाही हेतू ठेव वाचवण्याचाच होता.

स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना कोठे तरी वसवणे भाग होते आणि कोरापूट व बस्तर हा भाग त्यासाठी मोकळा आहे असे धरले गेले. करुणेने घेतलेल्या या निर्णयातही प्रदेश रिकामा असल्याचे गृहीतक होतेच. पाण्याच्या देशातल्या माणसांना खडकाळ पठारावर आणताना त्यांना विचारले गेले नाही, आणि ज्यांच्या रानात त्यांना आणले त्यांनाही विचारले गेले नाही. १९७८ मध्ये हजारो निर्वासित दंडकारण्य सोडून सुंदरबनाकडे निघाले, ही घटना केवळ प्रशासकीय अपयशाची म्हणून नोंदवून चालणार नाही. कोणतीही भूमी ‘मोकळी’ म्हणताना केवढी नैतिक जोखीम घेतली जाते, ते या घटनेत दिसते.

परंतु याच मुलखातून झालेला एक प्रवास वेगळी साक्ष देतो. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त, पुढचे स्वामी विवेकानंद, रायपुरास आला. वडील विश्वनाथ दत्त तेव्हा कामानिमित्त तेथे राहत होते. रेल्वे रायपूरपर्यंत पोहोचलेली नव्हती. प्रवासाचा शेवटचा टप्पा पंधरवड्याहून अधिक काळ बैलगाडीने, दाट जंगलातून करावा लागला. विंध्याच्या रांगांतील एका अरुंद खिंडीत त्या मुलाला कड्याच्या भेगेत वरपासून खालपर्यंत लोंबणारे एक प्रचंड मोहोळ दिसले. मधमाश्यांच्या त्या राज्याचा आरंभ कधीचा आणि त्याचा अंत कोठे, याचा विचार करता करता त्याचे बाह्य भान हरपले. तो शुद्धीवर आला तेव्हा गाडी बरीच पुढे आली होती. ही हकीकत त्यांच्या चरित्रांत येते आणि बहुधा ती समाधीचा पूर्वानुभव म्हणून सांगितली जाते. तिचा आणखी एक अर्थ संभवतो. त्या मुलाच्या हातात काही नव्हते. मोहोळ काढायचे नव्हते, मोजायचे नव्हते, त्याचे चित्र घरी न्यायचे नव्हते. बैलाच्या गतीने जाणाऱ्या प्रवाशाला त्या दृश्याकडे पाहत राहण्याखेरीज करण्यासारखे काहीच नव्हते. आणि म्हणून ते दृश्यच त्याच्यावर काही करू शकले. रायपूरच्या विमानतळाला २०१२ मध्ये विवेकानंदांचे नाव देण्यात आले. गौरव उचितच आहे. मात्र ज्या गतीने तो अनुभव शक्य केला, ती गती त्या नावाबरोबर परत येत नाही.

मधमाश्यांचीच एक गोष्ट आफ्रिकेच्या दक्षिण भागातील वाळवंटी प्रदेशातून येते. लॉरेन्स व्हॅन डर पोस्ट हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले लेखक १९५० नंतरच्या दशकात कालाहारीतील सान लोकांच्या शोधात मोटारगाड्यांचा तांडा घेऊन निघाले. त्या प्रवासाचे त्यांचे पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ते सांगतात की, आजच्या बोत्स्वानातील त्सोडिलो टेकड्यांकडे नेताना सामुतचोसो नावाच्या वाटाड्याने एक अट घातली होती: टेकड्यांपर्यंत पोहोचेतो वाटेत कोणताही प्राणी मारायचा नाही. लेखकाने अट मान्य केली. पण पुढे गेलेल्या सोबत्यांना ती सांगायची राहून गेली आणि त्यांनी सवयीप्रमाणे शिकार केली. टेकड्यांपाशी गेल्यावर चित्रपटाचा कॅमेरा वारंवार अडकला, ध्वनिमुद्रणाचे यंत्र बिघडले, सकाळी मधमाश्यांनी तळावर हल्ले केले. शेवटी त्यांनी क्षमा मागणारे पत्र लिहून बाटलीत घातले आणि ती बाटली प्राचीन शैलचित्रांच्या पायथ्याशी पुरली. व्हॅन डर पोस्ट यांच्या निधनानंतर, २००१ मध्ये निघालेल्या चरित्राने त्यांच्या अनेक कथनांच्या सत्यतेविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत. म्हणून ही हकीकत केवळ कथा म्हणून घ्यावी. कथा म्हणूनही तिची रचना सीतेच्या कथेशी विलक्षण जुळते. कोणी वैराने मारले नाही. बंदूक गाडीत होती म्हणून मारले. आणि सामुतचोसोची अट ही सीता ज्याला देशधर्म म्हणते त्याहून वेगळी नव्हती.

कालाहारीला वाळवंट म्हणतात. परंतु सान लोकांनी तेथे हजारो वर्षे काढली आहेत. भूमीखालचे रसाळ कंद, रानकलिंगडे, शहामृगाच्या अंड्याच्या कवचात साठवलेले पाणी यांच्या आधाराने तो प्रदेश त्यांना नांदता होता. पाण्याची पिंपे लादून आलेल्या प्रवाशाला तो निर्जल दिसला, कारण त्याच्या दृष्टीने पाणी म्हणजे पिंपातले पाणी. १९६१ मध्ये तेथे मध्य कालाहारी राखीव क्षेत्र स्थापन झाले. वन्य प्राण्यांबरोबरच तेथील शिकारी-संग्राहक माणसांनाही जागा राहावी, हा त्यामागे विचार होता. पुढे १९९७ आणि २००२ मध्ये त्याच माणसांना तेथून हलवण्यात आले. डिसेंबर २००६ मध्ये बोत्स्वानाच्या उच्च न्यायालयाने त्यांचा परतण्याचा हक्क मान्य केला आणि पाण्यासाठी विंधनविहीर वापरण्याचा हक्क २०११ मध्ये अपील न्यायालयाने दिला. आपल्याच भूमीत पाणी पिण्यासाठी न्यायालयात जावे लागणे, ही दुर्गमतेची नवी व्याख्या म्हणावी लागेल.

कालाहारीतला हा अनुभव बस्तरला फार दूरचा नाही. नारायणपूरच्या पलीकडे, इंद्रावतीच्या उत्तरेला सुमारे चार हजार चौरस किलोमीटरचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याला अबूझमाड म्हणतात. ‘माड’ म्हणजे डोंगर आणि ‘अबूझ’ म्हणजे न समजलेला. तेथील माणसे स्वतःला कोइतूर म्हणवतात. त्यांना आपला डोंगर समजलेला आहे. न समजण्याचा अनुभव बाहेरच्याचा, आणि नाव मात्र डोंगराला पडले. जमिनीची रीतसर मोजणी तेथे दीर्घकाळ झाली नाही. बाहेरच्यांच्या प्रवेशावर १९८० च्या दशकात आलेले निर्बंध २००९ मध्ये उठले. मधल्या काळात सशस्त्र माओवाद्यांनी तो प्रदेश आपला गड केला, म्हणजे शस्त्र घेऊन आत जाणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली. २००५ मध्ये सुरू झालेल्या सलवा जुडूममध्ये गावेच्या गावे उठली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून हाती बंदूक देण्याची प्रथा घटनाबाह्य ठरवली. त्या निकालपत्राच्या आरंभी जोसेफ कॉन्रॅड यांच्या आफ्रिकेवरील कादंबरीचे स्मरण केलेले आहे. बस्तरच्या खटल्यात न्यायमूर्तींना काँगोची नदी आठवावी, हे पुरेसे बोलके आहे.

येथवर आल्यावर एक सोपे उत्तर हाताशी येते: बाहेरच्यांनी जाऊच नये. हे उत्तर मराठी विचारविश्वाला नवे नाही आणि त्याची उलटतपासणीही एका मराठी समाजशास्त्रज्ञाने केलेली आहे. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ मध्ये बैगा जमातीवरील ग्रंथात त्यांच्यासाठी राखीव उद्यानासारखे क्षेत्र असावे अशी सूचना केली. डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा अलगतेला कठोर विरोध केला. आदिवासींना वेगळे मानण्याचीच कल्पना त्यांना मान्य नव्हती. एल्विन यांनीही पुढे आपली मते बरीच बदलली. या वादात दोन्ही बाजूंना अर्धे सत्य सापडले होते. ज्या पाड्यावर पावसाळ्यात अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून न्यावे लागते, त्या पाड्याच्या निसर्गरम्य एकांताचे गोडवे शहरातल्या वाचकाने गाणे हे क्रौर्यच होय. रस्ता हवा असे तेथील माणसे म्हणतात तेव्हा ती आपल्या संस्कृतीशी द्रोह करीत नसतात. परंतु रस्ता दोन्ही दिशांनी वाहतो. ज्या रस्त्याने औषध आत येते त्याच रस्त्याने खनिज बाहेर जाते. बैलाडिलाचे लोहखनिज १९६८ पासून डोंगरातून निघू लागले आणि समुद्रापार गेले. डोंगराच्या पायथ्याच्या माणसाला त्यातून काय मिळाले, हा प्रश्न डोंगर खचत गेला तरी शिल्लक राहिला आहे.

म्हणून जावे की न जावे हा प्रश्न बाजूला ठेवून, कोणत्या रीतीने जावे, हा प्रश्न घ्यावा लागतो. त्याचे उत्तर शोधताना रायपूरच्याच एका मराठी माणसाने लिहिलेली कथा उपयोगी पडते. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ यांचे हिंदी अनुवाद त्यांनी केले. १९०० मध्ये पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. १९२६ मध्ये रायपूर येथे त्यांचे निधन झाले. त्या मासिकात १९०१ मध्ये आलेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा हिंदीच्या आद्य कथांत गणली जाते. वाड्याचे आवार वाढवण्यासाठी जमीनदार एका विधवेची झोपडी कोर्टकचेऱ्या करून ताब्यात घेतो. म्हातारी एक दिवस येऊन चुलीसाठी टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला हात लावण्याची विनंती त्यालाच करते. त्याला टोपली हलत नाही. मग ती विचारते की, ही एक टोपली उचलत नसेल, तर त्या झोपडीतल्या साऱ्या मातीचा भार जन्मभर कसा वाहणार? जमीनदार वरमतो आणि झोपडी परत करतो.

कथेचा शेवट आदर्शवादी आहे. वास्तवात जमीनदार क्वचितच वरमतात. पण कथेतली विनंती महत्त्वाची आहे. म्हातारी जमीनदाराला उपदेश करीत नाही. ती त्याला हाताने माती उचलायला लावते. जो कागदावर मालक आहे त्याला मातीचे वजन ठाऊक नसते. दूरच्या मुलखातून मोटारीने जाणाऱ्या माणसाची स्थिती जमीनदाराहून फारशी निराळी नसते. ताशी ऐंशी किलोमीटरच्या गतीने खिडकीतून मागे जाणारी भूमी त्याला वजनहीन वाटते. डोळ्यांनी ती त्याच्या मालकीची होते, कॅमेऱ्याने तर अधिकच होते. त्याच्या हातात खड्ग नसेल. पण पाहून घेण्याची घाई ही त्याच्यापाशी ठेवलेली ठेव आहे आणि तीही नित्य जवळ असल्याने बुद्धी पालटते. कोंडागावचा घडवा कारागीर मेणाच्या तारांनी मूर्तीचा आकार बांधीत असतो, तेव्हा त्याच्याकडे ‘अस्सल’ दृश्य म्हणून पाहणारा डोळा त्याला माणूस म्हणून पाहायचे हळूहळू विसरतो.

याच्या उलट, मातीचे वजन अंगावर घेतलेली माणसेही मराठी परंपरेत आहेत. दुर्गाबाई भागवत संशोधनासाठी मध्य प्रांतातील आदिवासी भागात हिंडल्या. तेथे विषारी सुरण खाण्यात आल्यामुळे त्यांना काही वर्षे अंथरुणावर काढावी लागली. भूमीविषयी लिहिणाऱ्या व्यक्तीच्या देहातच ती भूमी अशी उतरली. डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे राहून काम केले. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी सुरू केलेल्या त्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या प्रारंभी पक्का रस्ता नव्हता आणि रुग्ण जवळ येत नव्हते. त्यांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली. भोवतालच्या माणसांच्या अंगावर वस्त्र नाही म्हणून डॉक्टरांनी आपलेही कपडे अर्ध्या विजारीवर आणि बनियनवर आणले. औषध हीही बाहेरून नेलेली वस्तूच होती. पण ती वापरण्यापूर्वी देशधर्म शिकावा लागतो, हे त्यांनी ओळखले. माडिया शिकताना शिक्षक माडिया होते आणि विद्यार्थी डॉक्टर. दुर्गमतेचे माप तेवढ्यापुरते उलट झाले.

मराठी गद्याच्या आरंभापाशीच हा विचार उभा आहे, हे येथे आठवावे. चक्रधरांनी अनुयायांना देशाच्या कडेला, ओळखीपाळखीच्या माणसांपासून दूर, झाडाखाली आयुष्य घालवायला सांगितले. त्यांच्या अटनाच्या आचारात परिग्रहाला जागा नव्हती. लीळाचरित्रातली सशाची लीळा सर्वपरिचित आहे: शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा चक्रधरांच्या मांडीखाली शिरला आणि शरण आलेल्याला त्यांनी सोडले नाही. ससा तेथे आला, कारण बसलेल्या माणसाच्या हातात काही नव्हते. रिकाम्या हातालाच कोणी शरण येते. अर्थात, आज कोणालाही पूर्ण रिकाम्या हाताने जाता येणार नाही. आणि आजारी माणसापाशी रिकाम्या हाताने जाणे ही नीतीही नव्हे. तेव्हा किमान एवढे करता येईल: नेलेली वस्तू कोणासाठी नेली आहे, हे तेथल्या माणसाला विचारून ठरवावे, त्याने घातलेली अट आपल्या तांड्यातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवावी, आणि जे समजले नाही त्याला ‘अबूझ’ म्हणताना तो उणेपणा आपल्या नावावर लिहावा.

सीतेला रामाने दिलेले उत्तर प्रेमळ आहे. तुझे बोलणे तुझ्या स्नेहाला साजेसे आहे, असे तो म्हणतो. पण ऋषी शरण आले, त्यांना वचन दिले. प्राण सोडीन, तुला आणि लक्ष्मणालाही सोडीन, दिलेले वचन सोडणार नाही. हे उत्तर वचनाविषयी आहे. शस्त्र जवळ बाळगल्याने मनाचे काय होते, या शंकेला ते स्पर्श करीत नाही. वाल्मीकींनी सीतेला खोडून काढलेले नाही आणि तिचे म्हणणे मान्यही करवलेले नाही. पुढे तिघे त्याच वनात चालू लागतात: राम पुढे, सीता मध्ये, धनुष्य घेतलेला लक्ष्मण मागे. रायपूरहून दक्षिणेला निघालेल्या प्रत्येकाच्या प्रवासात, तो अधिकारी असो, सैनिक असो, संशोधक असो की नुसता हौशी प्रवासी असो, ही शंका अशीच मध्ये चालत असते. तिचे उत्तर त्याला निघण्यापूर्वी देता येणार नाही. परंतु घाट चढण्यापूर्वी ती ऐकून घेणे त्याच्या हाती आहे.